ठराव क्रमांक चार

बैठक बर्फाच्या कारखान्यात घेतली,
तिथे पंखा आहे म्हणून.
मासळीचे क्रेट उलटे घालून पोरं बसली,
चिटणीस म्हणून मी टेबलापाशी,
वहीत तारीख घालून.

सलग नऊ सामने.
पालशेतला हरलो, असगोलीला हरलो,
दाभोळला पहिल्या दहा मिनिटांत दोन लोण,
आणि लाउडस्पीकरवरचा माणूस आमच्या मंडळाचं नाव
हळू आवाजात घ्यायला लागला,
मयताच्या घरचा पत्ता सांगावा तसं.
परतताना फेरीबोटीत कुणी भजी घेतली नाहीत.

नवनीत म्हणाला, सगळीकडे मॅट आली, बूट आले,
आणि विश्रामभाऊ अजून पुळणीवर पळवतो.
वाळूत पोटऱ्या होतात, मान्य,
पण मॅटवर पाऊल चिकटतं,
आपला चढाईवाला वळेपर्यंत त्याचा घोटा दुसऱ्याच्या हातात.

हसनमियां म्हणाले, सरावाला येतं कोण?
बांगडा लागला की सातातले पाच ट्रॉलरवर.
त्याने काय समुद्राला नोटीस काढायची?

हे सगळं मी लिहून घेतलं.
दोघांचंही बरोबर होतं.
आमच्या वहीत त्याला रकाना नाही.

मग खजिनदाराने पावतीपुस्तक टेबलावर आपटलं,
आणि गप्प झालेल्या त्या खोलीत
मला उगाच सुचलं, मी बोलून गेलो:
"विश्रामला आता विश्राम द्या की!"

हसले सगळे. हसनमियांसुद्धा.
हसता हसता हात वर झाले,
मी मोजले, अकरा,
बारावा माझा.

याच माणसाने मला खाडीत मान बुडवून
मनातल्या मनात कबड्डी म्हणायला लावलं होतं,
पन्नास वेळा, मोजून.
एकोणपन्नासला वर आलो तर
पुन्हा एकपासून.

संध्याकाळी पत्र खिशात घालून मैदानावर गेलो.
तो एकटाच फक्कीची बादली घेऊन,
लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला.
"आलास, बरा झाला. दोरी धर त्या टोकाला."
मी धरली.
"ताण जरा. पोटात सैल पडताय."
मी ताणली.
मध्यरेषा आखून होईस्तोवर दोघं गप्प.
पोरं आली नव्हती. तीन आली होती,
तीही मोबाइल बघत बांधावर.

मग हात झटकत म्हणाला,
"कोण येताय? चिपळूणचा तो मॅटवाला?"
मी मान हलवली. होकारार्थी की कशी, मलाही कळलं नाही.
"बरा आहे पोरगा. त्याला सांग,
अनंताचा उजवा खांदा निसटतो, थंडीत जास्त,
त्याला साखळीत मधी घेऊ नको.
पद्मनाभ डाव्या कोपऱ्यात घाबरतो, कबूल करायचा नाय.
धाकट्या दोरकराला ओरडू नको,
घरात ओरडून झालेला असता.
आणि राजूस सामन्याआधी काय खायला देऊ नको,
देशीलच तर केळा."

"थांब," मी म्हटलं, "इतकं ध्यानात राहायचं नाही."
पेन होतं. वही कारखान्यात राहिलेली.
खिसे चाचपले.
कागद एकच होता.

गुडघ्यावर ठेवून, पाठकोऱ्या बाजूने,
मी लिहीत गेलो: खांदा, कोपरा, ओरडू नको, केळं.
शाई पलीकडे उमटत होती,
मंडळाच्या शिक्क्यावर, माझ्याच सहीवर.

"झाला लिहून?"
"अजून जागा आहे," मी म्हटलं.
त्याने बादली उलटी करून माझ्यासमोर ठेवली,
तिच्यावर टेकला,
आणि खालून, तेराव्या गड्यापासून, पुन्हा सुरू केलं.